बाईंना मोह होता

राऊत बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी गोखिवऱ्याच्या गाळ्यात कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोची काच पुसत होते. फोन त्यांच्या भावाचा, विनायकभाऊंचा होता. "सुनंदा, ताई गेली गं," एवढंच म्हणाले. मी "हो जी" म्हटलं आणि काच पुसतच राहिले... शेठ ओरडला, "अगं, घासून भोक पाडशील!" तेव्हा कुठे हात थांबला. याला आता दीड महिना होऊन गेला. बाईंची एक विद्यार्थिनी या पुरवणीत काम करते, ती म्हणाली तू लिही. मी आठवीत शाळा सोडलेली, माझं काय लिहिणं! शिवाय नवरा म्हणतो, कॉलेजचं काम जाईल. जाईल बहुतेक. रात्री झोप लागत नाही त्या काळजीनं. पण ज्यांना लिहिता येतं त्यांनी बाईंबद्दल जे लिहिलंय, ते वाचून गप्प बसवतही नाही.

मी चंद्रपूरकडची. लग्न करून इथे आले आणि फ्रेमा बनवायच्या गाळ्यात कामाला लागले. बाई वसईतल्या एका कॉलेजात चित्रकला शिकवायच्या आणि तिथलं कलादालन सांभाळायच्या. दिवाळीची सुट्टी संपली की दालनाचा हंगाम सुरू व्हायचा तो थेट परीक्षांपर्यंत, दर आठवड्याला कुणाचं तरी नवं प्रदर्शन. पहिल्यांदा शेठनं मला नुसतं फ्रेमा पोचवायला पाठवलं होतं. बाईंनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाल्या, "चित्राचा मध्य इथे." मी ही एवढीशी. म्हटलं, "बाई, मोठ्या माणसांना वाकावं लागेल जी." "वाकू दे की! एरवी कुठे वाकतात ते?" आणि खळखळून हसल्या. "आणि हे 'जी' शेठसमोर जरा कमी कर, नाहीतर पगारवाढ विसर." तेव्हापासून शेठला त्यांचा फोन ठरलेला, सुनंदालाच पाठवा. प्रदर्शनाच्या कार्डावर खाली बारीक अक्षरात त्यांनी छापून घेतलं, 'मांडणी साहाय्य : सुनंदा'. माझं नाव छापलेलं मी तोवर लग्नपत्रिकेतच पाहिलं होतं. ते कार्ड गावी पाठवलं, तर बाबा ते किराणा दुकानात नेऊन दाखवत बसले म्हणे. परक्या गावात मला कुणी नावानं ओळखायला लागलं, ते बाईंमुळे.

हंगामाचा शेवटचा आठवडा बाईंच्या स्वतःच्या चित्रांचा, असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी मोडायचं. एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या सुनेनं बनवलेले रंगीत ट्रे आले, एका वर्षी परीक्षेची बाकं. "असू दे, पुढच्या वर्षी," म्हणत बाई ते ट्रेही स्वतःच्या हातानं मांडायच्या. त्यांचं घर पापडीला, वाडीत. तिथे प्रत्येक वाडीला पूर्वी बावखल असायचं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आता भराव टाकून ती एकेक बुजवतात. कुठलं बुजणार हे कळलं की बाई कागद-कोळसा घेऊन तिथे जाऊन बसायच्या. काळंभोर पाणी, त्यात केळीची सावली... काही चित्रांत तर पाणी नुसतं कडेला उरलेलं, बाकी सगळी माती.

या वर्षी बाईंनी पहिल्यांदाच निमंत्रणं आधी छापली. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला फ्रेमांची मापं सांगता सांगता सांगितलं. "आता पुढच्या वर्षीवर ढकलता यायचं नाही गं." मग रोज गाळ्यावर यायच्या, धाप लागलेली असायची, स्टुलावर बसून चौकटी बघायच्या. एकदा हळूच विचारलं, "उद्घाटनाला हिरवी साडी नेसू की राखाडी? या चित्रांपुढे हिरवी भडक दिसेल ना?" आणि लाजल्या! साठीला आलेली बाई शाळकरी पोरीसारखी लाजली.

चित्रं टेम्पोत घालून आम्ही दालनात पोचलो, तर आत घरांचं प्रदर्शन लागत होतं. संस्थेला देणगी देणाऱ्या बिल्डरचं. प्राचार्य बाहेर आले. "मॅडम, वरून आलंय. तुम्ही समजून घ्याल."

"मी दरवेळी समजून घेते, सर. एवढ्या वेळी तुम्ही घ्या ना."

बाईंना कुणापुढे असं अजीजीनं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सरांनी फोनमध्ये डोकं घातलं. आत टेबलावर इमारतींचं मॉडेल होतं, पुढे निळाशार तरणतलाव. "बावखल बुजवायचं आणि हे विकायचं," बाई म्हणाल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या. चित्रं तशीच पापडीला परत गेली.

चित्रं शेवटी त्या भिंतीवर लागली, एका संध्याकाळपुरती. शोकसभेला. कॉलेजनं मलाच बोलावलं लावायला. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "राऊत मॅडमना प्रसिद्धीचा मोह नव्हता. हयातीत त्यांनी स्वतःचं एकही प्रदर्शन भरवलं नाही." माना डोलल्या. प्राचार्यांचीही डोलली. दुसऱ्या दिवशी पेपरांत तेच छापून आलं. मी मागे दाराशी उभी होते. मोह होता जी! साडीच्या रंगापर्यंत होता. तुम्ही भिंत दिली नाहीत म्हणून मोह नव्हता म्हणता?

सभा संपल्यावर सांगण्यात आलं, भिंत लगेच मोकळी करा, उद्यापासून इथे प्रवेशाचं काउंटर. प्रदर्शन उतरलं की बाईंचं एक काम असायचं. खिळ्याच्या प्रत्येक भोकात पुट्टी भरायची, बोटानं सारखी करायची, वर रंगाचा हात द्यायचा. पुढच्याला भिंत कोरी मिळाली पाहिजे. हे काम त्या कुणाला देत नसत, मलाही नाही. शिपायानं त्यांच्या कपाटातून पुट्टीचा डबा काढून माझ्या हातात दिला. झाकणाला आतून बाईंच्या बोटांचे ठसे वाळलेले होते. मी चित्रं उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळून विनायकभाऊंच्या गाडीत ठेवली. डबा कपाटात ठेवून दिला.

परवा कॉलेजातून शेठला फोन आला, तुमच्या गाळ्यातल्या बाईनं भिंत खराब करून ठेवलीय. शेठ रोज म्हणतो, जा, भोकं बुजवून ये. मी गेलेले नाही.