आमच्या बाईला मालिकेत घेणेबाबत

गोष्ट सांगताना माझे हात आवरत नाहीत. घोडा आला की मी घोडा होते. दार वाजलं की टेबल वाजवते. कुणी मेलं तर खुर्चीत मान अशी टाकते की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी घाबरून पाणी मागवलं होतं. जव्हारहून मोखाड्याकडच्या शाळेत जायला मी रोज जीप धरते, तर जीपवालाही मला कडेला बसू देत नाही. "बाई, मधे बसा, म्हणजे दोन्हीकडं ऐकायला येतं." हे मी फार मिरवायचे. ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे त्यानंतर मिरवणं कमी झालं. हात मात्र अजून आवरत नाहीत, हेही कबूल करते.

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिची मांगाची पुस्तकं घरात राहिली. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. उलट्या बाजूनं उघडायची, उजवीकडून डावीकडे वाचायची. एका सुट्टीत धूळ झटकायला म्हणून मी एक पुस्तक उघडलं आणि धूळ तशीच राहिली. एक डोंगर असतो, तो रोज रात्री जागा बदलतो. राजा एका मुलीला त्याचा नकाशा काढायला पाठवतो. नकाशा पुरा झाला तर तिचा कैदेतला बाप सुटणार. आता सांगा, अशी गोष्ट मी एकटीनं पोटात कशी ठेवणार?

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी ती सांगायला लागले. ऐकायला मुख्याध्यापक सर, माझ्यासोबतच्या एक बाई, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी. मावशी सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरून पायी यायच्या. वयानं माझ्याएवढ्याच. मुलांची पंगत उठली की उंबऱ्यावर लसूण सोलत बसायच्या आणि मान वर न करता ऐकायच्या.

तिसऱ्या पुस्तकात गोष्ट जरा रेंगाळली. दरबार, कारस्थानं, लांबलचक भाषणं. सरांनी जांभई दिली. माझ्यासमोर जांभई! मग मी डोंगरावर एक बाई आणली. पुस्तकात ती नव्हती. डोक्यावर हंडे घेऊन ती नकाशावाल्या मुलीच्या तळावर पाणी पोचवायची. ती भांड्यांशी बोलायची, कावळ्यांशी भांडायची आणि रागावली की हंड्यावर चापट मारून म्हणायची, "बघून घेईन तुला."

हे सगळं मावशींचं होतं. पातेल्याशी बोलणं, कावळे, चापट, सगळं. सरांनी ते लगेच ओळखलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसले. दुसऱ्या बाईंना ठसका लागला. सगळ्यांत जास्त मावशीच हसल्या. म्हणाल्या, "बाई, ही तर माझ्यासारखीच हाय की!"

मी सरांकडे बघून डोळा मिचकावला.

आज हे लिहितानाही तो डोळा मिटून घ्यावासा वाटतो. पण त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगायचं तर, मजा वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला आणखी काम दिलं. मग आणखी. डोंगर राजाच्या सैन्याला फसवायचा, पण या बाईला नाही. तो कुठं सरकला ते तिच्या पायांना कळायचं. मावशी लसूण बाजूला ठेवून ऐकायला लागल्या. नकाशावाली मुलगी, तिचा बाप, राजा, सगळे त्यांच्या दृष्टीनं मागं पडले. खोलीत आल्या की पहिला प्रश्न, "आमची बाई कुठवर आली?"

अशात मुलीचा फोन आला. ती किंचाळत होती. तिच्या त्या डोंगराच्या मांगावर खऱ्या माणसांची मालिका निघणार होती. मी शाळेत ही बातमी अशा थाटात दिली की जणू मीच ती काढते आहे. आणि मग मावशींनी विचारलं, "मग आमची बाई पण दिसंल?"

तिथं माझी संधी होती. "मावशी, ती मी घातली हो," एवढं एक वाक्य. सर माझ्याकडे बघत होते, गालात हसत. मी म्हणाले, "दिसेल ना!"

पुढचे काही महिने मावशींनी जशी त्या मालिकेची वाट पाहिली तशी माझ्या मुलीनंही पाहिली नाही. पहिली झलक फोनवर आली, मिनिटभराची. मावशींनी ती माझ्या हातून अकरा वेळा लावून घेतली. "थांबवा. मागं घ्या. ती घोड्यामागं कोण हाय?"

"ती कुणीतरी दुसरी."

"डोक्यावर काय तरी हाय तिच्या."

"टोपी आहे मावशी."

कलाकारांचे फोटो आले. मावशी एकेक नटी तपासायच्या. "ही नको. पाय बघा हिचे, काटक्या! या पायांनी चढंल का ती? ही बरी हाय, पण हिची मान हंडा घेणारी नाय." मी हसून हसून बेजार व्हायचे. घरी मुलीला फोनवर मावशींची नक्कल करून दाखवायचे. एकदा मुलगी म्हणाली, "आई, त्यांना सांगितलंस का गं?" मी विषय बदलला.

शेवटी सगळी नावं जाहीर झाली. मावशी रोज विचारायला लागल्या, तेव्हा मी दुसरी थाप मारली. "मावशी, तिला काढलं हो. मालिकेत वेळ पुरत नाही म्हणे."

मला वाटलं, सुटले. मावशींनी पातेल्यावर झाकण इतक्या जोरात घातलं की वर्गातली पोरं उठून उभी राहिली. "काढलं? पाणी कोण देणार मग त्या पोरीला? नकाशा काय तहानेनं काढंल ती?"

आठवड्यानं त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यांच्याकडं उन्हाळ्यात विहिरी आटतात. टँकरसाठी दरवर्षी अर्ज करावा लागतो आणि तो मीच लिहून कचेरीत नेऊन देते. मावशींच्या सुनेनं त्याच अर्जावरून हा बेतला होता. "प्रति, मालिकेचे काम पाहणारे साहेब, जपान. विषय: आमच्या बाईला मालिकेत घेणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंती की, सदर बाई डोंगरावर पाणी वाहते. तिच्यावाचून कोणाचेही भागत नाही. टीव्हीवर पाणी वाहणारी बाई असली तरी मागे असते. ही पुढे होती. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा." खाली सह्या कमी, अंगठे जास्त. सगळ्या पाड्यावरच्या बायकांचे.

"पाड्यावर रोज सांगते मी तुमची गोष्ट," मावशी म्हणाल्या. "इंग्रजीत करा आणि धाडा."

मी म्हणाले, धाडते. अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. रोज त्या विचारायच्या, उत्तर आलं का, आणि मी रोज म्हणायचे, लांब आहे मावशी, वेळ लागतो.

एके दिवशी खडू शोधताना सरांनी तो खण उघडला. कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. "महोदय! सदर बाई डोंगरावर पाणी वाहते!" दुसऱ्या बाई हसल्या. मी हसले. हो, मीही हसले. सर म्हणाले, "अहो, तुम्ही बनवलेली बाई जपानला निघाली की!"

मावशी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"बनवलेली म्हणजे?" त्यांनी विचारलं.

सरांनी कागद खाली ठेवला. मी मावशींना स्वयंपाकाच्या खोलीत घेऊन गेले आणि सांगितलं. सांगताना हात हलले नाहीत.

"पुस्तकात कुठंच नाय ती?"

"नाही."

"एका चित्रात पण नाय?"

"नाही मावशी."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "सर हसायचे, ते मला हसायचे?"

मी होय म्हणून मान हलवली. हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो नीट समजून घ्यायला विचारला.

"मी घराघरात जाऊन अंगठे घेतलेत, बाई. म्हटलं, आमच्या बाई खोटं सांगत नाय." मग म्हणाल्या, "रविवारी या. तुमीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

रविवारी मी गेले. आंब्याखाली बायका जमल्या होत्या. माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. बाई आल्या म्हणजे गोष्ट होणार, म्हणून म्हाताऱ्याही आल्या होत्या. मी उभी राहूनच सांगितलं. ती बाई नाही, मी थट्टेत घातली होती, ती कुणी काढलेली नाही, अर्ज कुठंही गेला नाही. मावशी सगळ्यांच्या मागं बसल्या होत्या. 'थट्टेत' एवढं म्हणाले, पण कुणाच्या थट्टेत ते माझ्या तोंडून निघालं नाही. तेवढीही हिंमत झाली नाही.

एकदोघी हसल्या. एक म्हणाली, "गोष्टच ती, त्यात काय!" मला हायसं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "आमी टँकरला अंगठा देतो, तो कागद तरी धाडता का?"

"धाडते हो, आजी! तो दरवर्षी जातो, मी स्वतः देते!"

"ह्यो पण धाडते म्हणाला होतात ना?"

म्हातारी टोमणा मारत नव्हती. तिला ठाऊक करून घ्यायचं होतं. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. टँकर कधी वेळेवर यायचा, कधी यायचाच नाही. जे उन्हाळे कोरडे गेले त्या उन्हाळ्यांच्या अर्जांचा हिशेब आता त्या मनात करत होत्या, हे मला दिसत होतं. ते सगळे अर्ज मी खरोखर दिले होते. पण हे सिद्ध करायला माझ्याजवळ फक्त माझी जीभ होती.

मालिका अजून आलेली नाही. मुलगी दिवस मोजते आहे. मावशी शाळेत येतात, माझ्याशी नीट बोलतात, चहा आधी मलाच देतात. मालिकेबद्दल विचारत नाहीत. मधल्या सुट्टीत आता उंबऱ्यावर बसत नाहीत. लसूण आत बसून सोलतात.

यंदा विहीर लवकर आटली. मावशी सुनेला घेऊन शाळेत आल्या आणि म्हणाल्या, टँकरचा अर्ज लिहून द्या. मी लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला आणि शाईचा डबा उघडून पुढं केला. मावशींनी अंगठा पुढं केला नाही. कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि सुनेकडे दिला.

"तू वाच एकदा," त्या म्हणाल्या.

सून वाचायला लागली. मी डबा धरून उभी राहिले.