एकशे चौदा सूर

आमच्या नाटक कंपनीच्या तालमीच्या खोलीला लागून आणखी एक खोली होती. मध्ये लाकडी भिंत, तीही नावापुरती. पलीकडे रोज सकाळी सातच्या ठोक्याला पियानो सुरू व्हायचा आणि अकराला थांबायचा. एकदा ऐन मरणाच्या प्रवेशात आमच्या नायिकेने भिंतीवर चप्पल फेकून मारली, तरी पलीकडचा ठेका चुकला नाही. तेव्हापासून आम्ही त्या वाजवणाऱ्याला घड्याळ म्हणू लागलो. पुढे तिथेच त्याच्यासोबत राहणारी थोरली बहीणही त्याच नावाने हाक मारू लागली.

चोविसाव्या वर्षी घड्याळाने मोठी स्पर्धा जिंकली. बाहेरगावचे कार्यक्रम झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी जिंकलं आणि बोलावणी तिकडे वळली. त्याने त्रागा केला नाही. मुकाट्याने नृत्यशाळेत साथीला लागला. दुपारी एक ते सहा मुली कठड्याला धरून पाय उचलायच्या आणि हा त्यांना ताल द्यायचा. सकाळ मात्र त्याची स्वतःची. वाद्यवृंदाबरोबर वाजवायची चाळीस मिनिटांची एक अवघड रचना त्याने सत्तावीस वर्षं तयार ठेवली होती. न जाणो, कुणी बोलावलं तर.

"याचं लग्न झालं नाही तेच बरं," बहीण म्हणायची. "आलेली बिचारी पहिल्या दिवसापासून सवतीच्या घरात नांदली असती."

एक्कावन्नाव्या वर्षी बोलावणं आलं. शहरातल्या मोठ्या सभागृहात वाद्यवृंदाचा नवा संचालक आला होता. तो एकदा आपल्या मुलीला न्यायला नृत्यशाळेत आला, आणि व्यायामाच्या मधल्या सुट्टीत घड्याळ स्वतःशी वाजवत होतं ते दाराशी उभा राहून ऐकत राहिला. आठ महिन्यांनंतरची तारीख ठरली. रचना तीच. बहिणीने कपाटातला काळा कोट बाहेर काढला आणि आम्हा सगळ्यांसमोर त्याला घालायला लावला. पोटावरचं बटण लागेना, तेव्हा आम्ही किती हसलो होतो.

त्यानंतर तीन महिन्यांनी पियानो लावणारा म्हातारा कारागीर आला. त्याने झाकण उघडलं, आतल्या हातोड्यांवरच्या लोकरीच्या नमद्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "उजवीकडचा नमदा तुझ्याकडे नेहमी आधी झिजतो. या खेपेला जसाच्या तसा आहे. उजवा हात दाखव."

टेबलावर हात धडधाकट होता. पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला की अनामिका आणि करंगळी आत वळून तळहातात जाऊन बसायच्या. घड्याळाने ही गोष्ट बहिणीपासूनही लपवली होती.

डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. तीच हालचाल वर्षानुवर्षं करून मेंदूत या दोन बोटांची गल्लत झाली आहे. वर्षभर पियानोला हात लावायचा नाही, मग कदाचित सुटेल. सराव कराल तेवढं घट्ट बसेल.

पण घड्याळाला जन्मात एकच औषध ठाऊक होतं. चुकलं की सावकाश वाजवायचं, पुन्हा वाजवायचं. त्याने चार तासांचे सात केले. बहिणीने पियानोची किल्ली लपवली तर ते जेवणाच्या टेबलाच्या कडेवर सराव करू लागलं. महिन्याभरात तिसरं बोटही आखडायला लागलं, तेव्हा ते माझ्याकडे आलं.

आता पुढची युक्ती माझी होती, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही नटमंडळी ओळ विसरलो की चेहरा न हलवता पुढच्या ओळीवर उडी मारतो. मी त्याला तेच सुचवलं. मग आम्ही दोघं रचनेची स्वरलिपी आणि शिसपेन्सिल घेऊन बसलो. आखडलेल्या बोटांचे सूर डाव्या हाताला जमतील तेवढे डाव्याला दिले, उरलेल्यांवर फुल्या मारल्या. एकशे चौदा फुल्या झाल्या. मला तर नाटक बसवल्याचा आनंद होत होता.

कार्यक्रमाला मी आणि बहीण तिसऱ्या रांगेत होतो. चाळीस मिनिटं तिने माझं मनगट सोडलं नाही. रचना संपली आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. असा टाळ्यांचा कडकडाट माझ्या वाट्याला उभ्या आयुष्यात आला नाही.

आत रंगपटात संचालकाने घड्याळाला मिठी मारली आणि पुढच्या वर्षीही याच, म्हणून आग्रह धरला.

घड्याळाने त्याला विचारलं, "कुठं काही कमी वाटलं?"

"छे हो. एक सूर इकडचा तिकडे नाही."

मग त्याने बहिणीकडे पाहिलं. सत्तावीस वर्षं तिने ती रचना स्वयंपाकघरातून ऐकली होती. डोळे पुसत ती म्हणाली, "रोजच्यापेक्षा छान वाजलं रे."

बाहेर पडताना मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, अरे, आम्ही तर संवादांची पानंच्या पानं खाल्ली आणि बक्षिसं घेतली.

"दादा," तो म्हणाला, "माझ्या सगळ्या सकाळी त्या एकशे चौदा सुरांवर गेल्या. बाकीचं मला तिशीतच येत होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने पियानोला कुलूप घातलं आणि संचालकाला नकार कळवला. नृत्यशाळेने त्याला दयेपोटी कचेरीत ठेवून घेतलं. आता तो तिथे वर्गांची वेळापत्रकं लिहितो.

बहिणीला वाटलं, चला, डॉक्टरांचं ऐकलं एकदाचं. वर्ष झाल्यावर तिनेच त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. सोबत मीही होतो. डॉक्टरांनी आपल्याकडचा लहान पियानो पुढे केला. घड्याळाने हात ठेवला. पाचही बोटं सरळ राहिली. करंगळी पट्टीवर अलगद टेकली आणि स्वच्छ सूर आला. बहिणीने तोंडावर पदर धरला.

डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून दहा-दहा मिनिटं सुरू करा."

"कुणासाठी?" त्याने विचारलं. आवाजात कडवटपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे दोन तास बसून बोललो. कला, श्रोते, स्वतःचा आनंद, रंगभूमीवर जे जे शिकलो ते सगळं सांगितलं. ते त्याने नीट ऐकून घेतलं. माझं बोलून संपल्यावर तो उठला आणि आतून माझी छत्री आणून दिली.