धाकूचा पंखा

धाकू मांडवकर मूळचा म्हसळ्याकडचा. महाडला आयटीआय करून वायरमन झाला आणि पंचवीस वर्षं इकडेतिकडे वायरी ओढून शेवटी बेव्हर्ली पार्कजवळच्या एव्हरफ्रेश एन्क्लेव्हमध्ये टेकला, सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पावर. बारा टॉवर, दीड हजार कुटुंबं; सगळ्यांचं पाणी शेवटी धाकूकडे येतं. हे लोकांना ठाऊक नाही असं नाही, पण ठाऊक नसल्यासारखं वागायचा त्यांना छान सराव आहे.

प्रकल्पाच्या तळघरातली जाळी रोज हाताने साफ करावी लागते आणि तिथे गॅस साचतो. दोन वर्षांपूर्वी धाकूचा जोडीदार सुभाष तिथेच भोवळ येऊन पडला. धाकूने त्याला काखेत धरून जिन्यावरून वर ओढलं, आणि सुभाष डोळे उघडेपर्यंत धाकूचाच जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून त्याचं एकच मागणं: तळघराची हवा बाहेर फेकणारा पंखा. कमिटीने तातडीने दोन कामं केली. 'पंखा चालू असल्याशिवाय खाली उतरू नये' अशी चेअरमनच्या सहीची पाटी लावली आणि पंखा विकत आणला. वीज तेवढी द्यायची राहिली, कारण त्या कनेक्शनचा विषय सभेत निघाला की गाडी पार्किंगवर जायची. पाटी भिंतीवर, पंखा खोक्यात आणि धाकू तळघरात, असा तिघांचा संसार दोन वर्षं चालला.

मग चेअरमन उदय शिर्सेकरांना टर्बाइनचं खूळ लागलं. शुद्ध केलेलं पाणी टाकीतून दोन पुरुष उंचीवरून खाली पडून नाल्याला जातं; त्या धारेखाली तळघरात घागरीएवढी टर्बाइन बसवली की फुकट वीज. पहिली वीज तुझ्या पंख्याला, असा शब्द साहेबांनी दिला, म्हणून धाकूने वायरिंग जीव ओतून केलं. वीज झाली एवढीच, की एक पंखा चालावा नाहीतर दिव्यांचा एक बोर्ड पेटावा. साहेबांनी बोर्ड निवडला. गेटवर हिरवी अक्षरं झळकली: 'ही सोसायटी सांडपाण्यावर चालते.' धाकूच्या मनात आलं, चला, एकदाचं कबूल तरी केलं. पण त्याला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

उद्घाटनाला मंडप पडला, पाहुणे आले. नारळ फुटला, पूजा झाली. आता वाहतं पाणी समोर असताना निर्माल्य कचऱ्यात टाकायला कुणाचा हात धजतो? चेअरमनच्या पत्नी नीलमवहिनींनी टाकीचं झाकण उघडायला लावलं आणि ताटातलं सगळं हात जोडून आत सोडलं. त्यांच्यामागे बायकांची रांगच लागली. घरोघरचं आठवड्याचं निर्माल्य पिशव्यांतून आलं. झेंडूचे हार, दूर्वा, नारळाच्या शेंड्या. पाहुणे पर्यावरणावर बोलत असताना टर्बाइनने आचके दिले आणि बोर्ड विझला.

चेअरमन घामाघूम होत धाकूकडे आले. खाली उतर आणि काढ लवकर, म्हणाले. धाकूने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"साहेब, पंखा लावल्याशिवाय मी उतरणार नाय. सही तुमचीच हाय."

चेअरमननी पाहुण्यांकडे पाहिलं, विझलेल्या बोर्डाकडे पाहिलं. मंडपवाल्याच्या जनरेटरवरून वायर आली, पंखा खोक्यातून निघाला आणि सुभाषने तो तळघराच्या खिडकीत बसवला. दोन वर्षं अडलेलं काम पंधरा मिनिटांत झालं. धाकूने खाली जाऊन हार उपसले, बोर्ड पेटला, टाळ्या पडल्या. संध्याकाळी मंडपवाला जनरेटर घेऊन गेला आणि पंखा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूने बोर्डाची वायर काढून पंख्याला जोडली. वायरिंग त्याचंच, त्यामुळे शोधावी लागली नाही. तासाभरात चेअरमनचा फोन आला, बोर्ड का बंद?

"निर्माल्य अडकलंय साहेब. तुम्हीच या ना खाली, दाखवतो."

 खाली उतरायचं म्हटल्यावर, तू बघ तुझ्या सवडीने, असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. त्या आठवड्यात कमिटीने निर्माल्य पडू नये म्हणून टाकीला कुलूप लावलं. आता आत एक पाकळी पडत नाही. सुभाष आणि धाकू जाळी साफ करतात, पंखा फिरत असतो. अडकलेलं निर्माल्य कुणी पाहायला आलंच तर दाखवायला असावी म्हणून धाकूने झेंडूच्या हारांची एक पिशवी टर्बाइनपाशी टांगून ठेवली आहे. तिला आता वर्ष होईल. फुलांचा पार भुगा झालाय.