मामांचं उठवणं

माणसाला झोपेतून उठवावं तर ते माझ्या बायकोच्या मामांनीच. उभ्या सातारा-सांगलीत दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हे. खरं तर मामांची सारी नोकरी गेली पलटणीत पहाटेचा बिगूल फुंकण्यात. पेन्शनीत पलूसला परतल्यावर एका वैद्यबुवांनी त्यांना जुन्या ग्रंथातलं सांगितलं, की हृदय म्हणजे छातीत खाली तोंड करून असलेलं कमळ. माणूस जागा असला की ते उमलतं, झोपला की मिटतं, आणि चैतन्याचा मुक्काम तिथंच. मामा दोन दिवस जेवले नाहीत. "किती पोरांची कमळं वरबाडली आसतील मी," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून कुणाला उठवायचं तर ते आधी खिडकीचं एकच दार उघडतात, उशापासून हातभर लांब चहा ठेवतात, मग पायाच्या अंगठ्याला बोट लावून गोठ्यातल्या आणि रानातल्या बातम्या हलक्या आवाजात सांगत बसतात. चहाचं पार सरबत होतं. एकदा मला साताऱ्याला मुलाखतीला जायचं होतं. पाचला उठवा म्हणालो, आणि मामांनी पाचला सुरुवात केली. एसटी गेली, नोकरी गेली. पण तसं जागं होणं मला पुन्हा लाभलेलं नाही.

गेल्या वर्षी मामींच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. सांगलीला विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मामींचं हृदय दाखवलं. ती उघडझाप पाहून मामांनी चपला काढल्या आणि ते सावधान उभे राहिले. त्यांच्या मागं मीही कधी उभा राहिलो, कळलं नाही. "चाळीस वर्सं हे माझ्या शेजारी चाललंय," ते म्हणाले, "आन् मी कवा इचारलं न्हाई."

ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्या दिवशी भूल उतरायची वेळ टळून गेली तरी मामी उठेनात. नर्सबाईंनी हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. शेवटी मामांना आत घेतलं आणि ओळखीच्या आवाजात जोरानं हाक मारा म्हणून बजावलं. मामांनी अंगठ्याला बोट लावलं आणि म्हशीनं दूध किती दिलं, वरच्या उसाच्या फडाला तोड कधी लागणार, ते पुटपुटायला लागले. मी दारात उभा. मला त्या कमळाचा भयंकर राग आला. वाटलं, आत्ता तरी ओरडा हो. मामा काही ओरडले नाहीत. बोलायचं संपलं की पुन्हा म्हशीपासून सुरुवात करत होते.

बऱ्याच वेळानं मामींच्या पापण्या हलल्या. त्यांनी मामांकडे नीट पाहिलं.

"आवं, कवापासनं बसलाय?"

आदल्या दिवसापासून पाण्याचा घोटही न घेतलेले मामा म्हणाले, "हे काय, आत्ताच आलोय."