विषय क्रमांक सात: माझी पोस्टडॉक

बायोइंजिनिअरिंगच्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, लोक बोस्टनला जातात. मी अंबाजोगाईच्या पुढे निघाले होते, हसू नका. पुण्यातली फेलोशिप महिनाअखेर संपत होती आणि एका सहकारी साखर कारखान्याच्या शिक्षणसंस्थेनं ‘मेंदूविज्ञान संशोधन केंद्र’ काढून एक जागा जाहीर केली होती. लकव्यानं गेलेला हात मेंदूच्या इशाऱ्यावर हलवणारा हातमोजा मी अर्धा बनवलाय. उरलेल्यासाठी पेशंट हवेत, ते अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मिळाले असते. शिवाय पहिला पेशंट घरचाच: केजचे माझे मामा. त्यांचा डावा हात कधीचा नुसता लोंबतोय.

शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, हादरे मात्र पूर्ण. मांजरसुंब्याला उतरून रबडी खा, पण पाणी पुण्याहूनच न्या. पुढे गाव येण्याआधी गावाच्या रिकाम्या घागरींची रांग येते.

केजला मामांकडे मुक्काम, आयता पाहुणचार. सकाळी मामा कडक इस्त्रीत तयार. “म्या कारखान्याचा सभासद हाय. तुजी जागा कुटं जात न्हाई!”

काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन कारखान्यावर पोचलो. केंद्राचा फलक चकचकीत होता. आत सूक्ष्मदर्शकाच्या ओट्यावर कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत. शिपाई म्हणाला, “मुलाखत सभेनंतर. आज वार्षिक सभा हाय.”

मंडपात चेअरमनसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. “आपल्या केजची भाची, मेंदूची डाक्टर!” शाल, श्रीफळ, टाळ्या. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

मग ठराव सुरू झाले. इथे ठराव शेवटपर्यंत ऐकणं म्हणजे साहेबांवर संशय घेणं. चार शब्द झाले की हात वर आणि “मंजूर, मंजूर!” विषय क्रमांक सहा, मळीच्या टाकीची दुरुस्ती. मंजूर. विषय क्रमांक सात.

“मेंदूविज्ञान केंद्रातील संशोधकाची जागा...”

“मंजूर! मंजूर!” सगळ्यांत खणखणीत आवाज मामांचा.

साहेब न थांबता पुढे वाचत राहिले, “...दुष्काळामुळे रद्द करून इमारत चारा छावणीस देण्यात येत आहे.”

दहा वर्षं मी उंदरांच्या मेंदूत निर्णय कुठे होतो ते शोधतेय. मेंदूला न विचारताही होतो, हा शोध इथे फुकटात लागला.

खाली उतरल्यावर मी साहेबांना गाठलं. “मग सत्कार कशाला केलात?”

“शाली आदीच आणल्या व्हत्या, ताई. आन् ठराव सर्वानुमते हाय. पयला हात तुमच्या मामांचाच व्हता.”

जनावरांना चारा हवाच, त्याला कोण नाही म्हणेल? पण छावणी साहेबांचे मेहुणे चालवतात, हे चहावाल्यानं न विचारता सांगितलं. चहा मात्र फक्कड होता. मामा परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसले.

पुण्यात आले तर प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर नव्या पोराची बॅग. नारळाची चटणी केली. शालीत हातमोजा गुंडाळून माळ्यावर टाकला. मग राहवेना, मामांना फोन लावला. “ऐकून तरी घ्यायचं होतं, मामा! काहून वर केलात हात?”



“तुज्या जागेचं नाव निगालं, माय. लई आनंद झाला बग. डावा उचलता आला असता, तर दोनी केले असते.”