बेबाबाई आणि शनिवारची फणी

माझी सासू बेबाबाई मारुतीच्या पारावर काठी घेऊन बसली, तेव्हा गावानं तिला येड्यात काढलं. काढू द्या! गावाचं काय जातं?

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पूर्वी डोंगराची झाडी पार शिवारापर्यंत उतरलेली होती. ती तोडून तोडून सत्त्याऐंशी सालापर्यंत नुसते तुकडे उरले. त्यातलाच एक तुकडा आमच्या शेताकडेच्या नाल्यावरच्या चिंचांचा. वानरांची टोळी तिथं राहायची. वानर मूळचं पाला खाणारं. चिंचेची पालवी, फुलं, शेंगा, त्यावर त्याचं भागायचं. पिकलं केळं त्याला ठाऊकच नव्हतं, कारण आम्ही घड कच्चाच कापून पाठवतो.

ती चटक लावली माझ्या सासऱ्यांनी, लोटनभाऊंनी. आमचा पहिला माल सावद्याहून रेल्वेनं दिल्लीला गेला, तो शनिवार होता. त्यांनी आनंदाच्या भरात पिकल्या केळ्यांची एक फणी पारावर वानरांपुढे ठेवली. मग दर शनिवारी ठेवत गेले. बघता बघता सगळं गाव ठेवायला लागलं. सासरे वारले, फणी चालूच राहिली. सासू काशीला जाऊन आली, तिथं तिनं त्यांच्या आवडीचं केळं कायमचं सोडलं. केळीच्या मुलखात राहून केळं सोडायचं, आहे का कुणाची छाती?

इकडे वानरं सोकावली. शनिवारची वाट बघतो कोण? सरळ बागेत घुसायची. कोवळ्या पानांचे पोंगे ओरबाडायची, केळफुलं मोडायची, कच्च्या घडाला दात लावायची. शेवटी गावानं ठरवलं, नाल्यावरच्या चिंचा तोडायच्या म्हणजे वानरं जातील. गावातले मोठे बागायतदार पितांबरभाऊ ते सांगायला आमच्या अंगणात आले.

"कुठी जातीन?" सासू म्हणाली. "डोंगर बोडका केला तुम्ही. चिंचा तोडल्या तर तुमच्या बागंतच ठाण मांडतीन ते!"

"अक्का, चटक तुझ्याच घरानं लावली."

मला वाटलं आता ही गप्प बसेल. कसली बसते!

"हो, लावली. त्याहिनं चूक केली. चूक आमच्या घरची, निस्तरू आम्हीच. शनिवारची फणी बंद करा. हनुमान जयंतीपर्यंत वानरं तुमच्या बागंतून हटले नाही, तर कुऱ्हाड मी देईन. तोवर माह्या चिंचांले हात लावशान तर पाह्यजा!"

मेलेल्या नवऱ्याची चूक असं चारचौघांत बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

दर शनिवारी ती पारावर जाऊन बसायची. काठी वानरांसाठी नव्हती हो, फणी घेऊन येणाऱ्यांसाठी होती! लोक म्हणाले, मारुती कोपेल. ती म्हणाली, "त्याचं माझं मी पाहून घेईन." बायकांनी हळदीकुंकवाला मला बोलावणं सोडलं. मी म्हटलं, नका बोलावू, तुमच्या वाटीभर तिळावाचून आमचं अडत नाही.

पण खरा फटका आमच्याच शेताला बसला. फणी मिळेना म्हणून चिडलेली टोळी नाल्यालगतच्या आमच्या केळीवर तुटून पडली. माझे मालक, लीलाधर, कुऱ्हाड घेऊन चिंचांकडे निघाले. सासूनं त्यांची वाट अडवली आणि कुऱ्हाड हिसकावून घेतली. त्याच कुऱ्हाडीनं नाल्याकडच्या आपल्याच केळीच्या दोन ओळी तोडल्या. लेकरासारखी वाढवलेली केळ! त्या जागी तिनं वाल पेरला.

"पाला खाणाऱ्याले पाला द्या ना," म्हणाली. "आठी, या वालात, काय खायचं ते खाऊ द्या. पुढं आले तर हाकला."

वाल वर आला. वानरं त्याची पानं, शेंगा खायला लागली. पुढच्या केळीत आली की आम्ही दोघी डबडं बडवायचो. घसा बसला, हातांना फोड आले. माघ सरता सरता चिंचा पिकल्या आणि टोळी शेंगांवरच रमली. पितांबरभाऊंच्या बागेत कुणी फिरकेना. ते रोज बघत होते.

हनुमान जयंतीला अख्खं गाव पारावर जमलं. पितांबरभाऊ पिकली फणी घेऊन आले.

"अक्का, आज मोठा दिवस आहे. लोटनभाऊनं पाडलेली रीत. आजच्या दिवस ठेवू दे."

सासू उठली. घरून आणलेली कुऱ्हाड तिनं त्यांच्या पायाशी ठेवली. "ठेव. पन मग चिंचांवर घावही तूच घाल."

नाल्याकडून वानरांनी शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. पितांबरभाऊंनी फणी मारुतीपुढे ठेवली, पाया पडले, आणि प्रसाद म्हणून माणसांत वाटायला घेतली. पहिलं केळं त्यांनी सासूपुढे धरलं.

मी पुढे होऊन म्हणणार होते, तिनं केळं सोडलंय. पण तिनं ते घेतलं, सोललं आणि खाल्लं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"त्याहिची फणी," म्हणाली, "आता मानसांनीच खायची."

सासू जाऊन आता चार वर्षं झाली. चिंचा उभ्या आहेत. अजूनही एखादा नवस बोललेला शनिवारी गुपचूप फणी घेऊन येतोच. येऊ दे. आता पारावर काठी घेऊन मी बसते.