सिग्नलला थांबलेला मोर्चा

तिला सगळे वहिनी म्हणतात. धुलाईच्या कारखान्यात तिची नणंद आधी लागली होती. तिने पहिल्याच दिवशी "ही माझी वहिनी" अशी ओळख करून दिली आणि मुकादमापासून गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. या देशात येऊन तिला अकरा वर्षे झाली आहेत. राहण्याचा परवाना तिच्याकडे नाही, तिच्या रंगारी नवऱ्याकडे नाही आणि नणंदेकडेही नाही.

कारखान्यात दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन पिळलेली चादर तापलेल्या रुळाखालून बाहेर पडते आणि समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन बाया तिची घडी घालतात. यंत्रांच्या घरघरीत बोललेले ऐकू येत नाही, म्हणून घडीची हाक ठरलेली आहे. "धर! ताण! दे!" एकीने हाक द्यायची आणि दुसरीने त्या तालावर हात चालवायचे. वहिनीची हाक थेट फाटकावर ऐकू जाते. फाटकाबाहेर पाऊल पडले की मात्र तोच आवाज निम्म्याहून खाली येतो.

ज्याच्या राहण्यालाच कायद्याचा आधार नाही, तो माणूस उरलेले सगळे कायदे जिवापाड पाळतो. यात भाबडेपणा नाही, अनुभवाने आलेले शहाणपण आहे. किरकोळ गुन्ह्यासाठी इतरांना दंड होतो, याला मात्र देश सोडावा लागू शकतो. म्हणून रस्ता रिकामा असला तरी वहिनी हिरव्या दिव्याची वाट पाहते. बसचे तिकीट घरी पोहोचेपर्यंत मुठीत ठेवते. ज्यांचे आजोबाही इथेच जन्मले ते शेजारी सगळा कचरा एका पिशवीत कोंबतात, ती मात्र ओला, सुका, काच आणि कागद असे चार भाग करते.

"आपल्याइतकी सभ्य माणसं सरकारला शोधून सापडायची नाहीत," असे तिचा नवरा म्हणतो.

"शोधू नये, एवढंच म्हणणं आहे," ती म्हणते.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. दर खेपेला कामावरून उरलेला रंग आणून नवऱ्याने त्या रंगवल्या, त्यामुळे एका भिंतीचा रंग दुसरीशी जुळत नाही. खिडकीची खोली नणंदेला दिली आहे, कारण तिचा नवरा दुसऱ्या शहरात पुलाच्या कामावर आहे आणि तिला सातवा महिना लागला आहे. संसार बरा चालला आहे. सुटीच्या दुपारी तिघे जेवून आडवे होतात आणि कोणाच्या घोरण्याने कोणाची झोप मोडली यावर तासभर वाद घालतात. त्यांच्या हलाखीची गोष्ट ऐकायला येणाऱ्याची इथे निराशा होईल.

गोष्ट सुरू झाली ती दवाखान्याच्या खिडकीवर. नगरपालिकेच्या त्या दवाखान्यात नाव आणि गल्ली सांगितली की केसपेपर मिळत असे. नणंदेचा रक्तदाब वाढत होता. दर आठवड्याला तपासायला या आणि बाळंतपण इथेच करा, घरी अजिबात नको, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. एका मंगळवारी खिडकीच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला. पुढच्या महिन्यापासून राहण्याचा परवाना दाखवल्याशिवाय केसपेपर मिळणार नव्हता.

मास्तर हे त्यांच्याच मजल्यावर राहणारे गृहस्थ. मायदेशी ते शाळेत शिकवत, इथे हॉटेलात भांडी घासतात. कागदाची बातमी कळताच त्यांनी माणसे गोळा करायला सुरुवात केली. परवाना असलेल्या लोकांचा एक भाडेकरू संघ होता. त्याने मोर्चाची परवानगी स्वतःच्या नावावर काढून दिली. आरोग्य समितीची बैठक गुरुवारी बारा वाजता भरणार होती. तिच्याआधी पालिकेच्या दारात पोहोचायचे, असे ठरले.

वहिनीला ते पटेना. "मास्तर, अकरा वर्षं आम्ही कोणाला दिसू नये म्हणून जीव आटवला. आता भर चौकातून फिरा म्हणता?"

"दिसल्याशिवाय मागता येत नाही, वहिनी."

"तुम्हाला मागता येतं. तुम्ही शिकलेले."

"शिकलेला आहे म्हणूनच तर भांडी इतकी स्वच्छ घासतो," मास्तर म्हणाले.

नणंद भिंतीला टेकून ऐकत होती. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "वहिनी, मला तर आता लपायचं म्हटलं तरी लपता येत नाही. तू आली नाहीस तर मी एकटी जाईन."

"आणि रस्त्यात चक्कर आली तर?"

"म्हणून तर तू ये म्हणतेय."

वहिनी यायला तयार झाली ती अशी. तत्त्वाने तिला रस्त्यावर आणले असे म्हणता येणार नाही, नणंदेच्या हट्टाने आणले. पण माणसे तत्त्वापर्यंत बहुतेक वेळा अशाच कोणाच्या तरी हाताला धरून पोहोचतात.

निघण्यापूर्वी मास्तरांनी एकच सूचना दिली. "कोणीही, काहीही झालं तरी, एकही नियम मोडायचा नाही."

ही सूचना द्यायची काही गरज नव्हती, आणि तीच अंगाशी आली. दीडशे माणसे आली होती. कारखान्यातल्या बाया, रंगारी, स्वयंपाकी, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या मुली. पोलिसांनी मोर्चासाठी रस्त्याची अर्धी बाजू मोकळी करून दोऱ्या बांधल्या होत्या. पण एकही माणूस पदपथावरून खाली उतरला नाही. दोघे-दोघे, एका कडेने, समोरून येणाऱ्याला वाट देत सगळे चालू लागले. पहिल्या चौकात दिवा लाल झाला. मास्तर आणि फलक धरलेले अकराजण पलीकडे गेले होते, बाकीचे थांबले. दुसऱ्या चौकात पुन्हा तसेच झाले. पाऊण तासात मोर्चाचे तीन तुकडे पडले. मधल्या तुकड्याकडे पाहून कोणालाही वाटले असते की ही मंडळी बाजाराला निघाली आहेत. घोषणा मास्तरांनी लिहिली होती. तिच्यात अकरा शब्द होते आणि त्यांतले चार भाषणाबाहेर कोणी वापरत नाही. ती पाठ झालेले सगळे पुढच्या तुकड्यात होते.

साडेअकराच्या सुमारास एक जाडजूड पोलीस अधिकारी घाम पुसत मधल्या तुकड्याशी आला. "अहो बाई, इथून मोर्चा जायचा होता. पाहिलात का कुठे?"

 आजवर कधीही वहिनीने पोलिसाला उत्तर दिले नव्हते. पण नणंद तिच्या हाताला धरून उभी होती आणि घड्याळ पुढे सरकत होते. बारा माणसांचे निवेदन शिपाई घेऊन ठेवतो, दीडशे माणसांचे घ्यायला साहेबाला खाली यावे लागते, एवढे तिला कळत होते.

"आम्हीच तो," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने पदपथाकडे पाहिले, मग मोकळ्या रस्त्याकडे पाहिले. "मग खाली उतरा की! तुमच्यासाठी सकाळपासून रस्ता अडवलाय, मागे गाड्या खोळंबल्यात. लोक मला शिव्या देताहेत."

"दिवा लाल आहे, साहेब."

"आज तुम्हाला दिवा लागू नाही."

कोणी हलले नाही. परवानगी मिळाली म्हणून शरीर लगेच मोकळे होत नसते. परवानगीचा कागद वाचता येत होता, अकरा वर्षांची सवय कुठेच लिहिलेली नव्हती. वहिनीने पदपथाच्या कडेवरून खाली पाहिले. उंची वीतभर होती. तिने आधी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा, आणि वळून नणंदेला हात दिला. तिच्यामागे कारखान्याच्या चार-पाच बाया उतरल्या, आणि सवयीनेच समोरासमोर जोड्या करून उभ्या राहिल्या.

"आता काय म्हणायचं?" एकीने विचारले. "ती मास्तरांची घोषणा?"

"ती म्हणेपर्यंत बाळ चालायला लागेल," नणंद म्हणाली.

त्या हसल्या, आणि हसू ओसरायच्या आत वहिनीने तोंड उघडले. यंत्रांपुढे देते तशी पोटातून हाक दिली. "धर!" बायांनी हात पुढे केले. "ताण!" रांग रस्त्याच्या अर्ध्या रुंदीपर्यंत पसरली. "दे!" आणि पावले पडली. कारखान्याशी संबंध नसलेल्या रंगाऱ्यांनी आणि स्वयंपाक्यांनी त्या हाकेचा अर्थ विचारला नाही, नुसता ताल उचलला. मागचा तुकडा ती हाक ऐकून धावत आला. पुढचा तुकडा पालिकेच्या चौकात थांबला होता. मास्तरांनी वळून पाहिले तेव्हा वहिनीचा रंगारी नवरा त्यांच्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, बाजूला व्हा. आता ती थांबायची नाही."

पावणेबाराला सगळा मोर्चा दारात होता. समितीचे अध्यक्ष स्वतः खाली आले. ते म्हणाले, "इतकी माणसं या शहरात या दवाखान्यावर अवलंबून आहेत, हे आमच्या नोंदीत नाही." मास्तर उत्तर जुळवत होते, तोवर नणंद बोलली, "नोंद करायलाच तर आलोय. माझी एक, आणि पोटातल्याची एक."

निर्णय संध्याकाळी कळला. पुढील निर्णय होईपर्यंत जुनीच पद्धत चालू राहणार होती, नाव आणि गल्ली पुरेशी होती. मास्तर नाराज झाले. कायमचे काहीच मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरेही आहे.

"मास्तर, आपण सगळे पुढील निर्णय होईपर्यंतच इथे आहोत," वहिनी म्हणाली. "हिला दोन महिने हवेत. तिसऱ्या महिन्यात परत येऊ. आता रस्ता माहीत झालाय."

पुढच्या मंगळवारी दोघी दवाखान्यात गेल्या. काचेवरचा कागद निघाला होता, चिकटपट्टीचे डाग राहिले होते. त्यांचा आकडा सतरा होता. सोळावा आत गेल्यावर कोट घातलेले एक गृहस्थ पुढे सरसावले आणि घाईत असल्याचे सांगून दारात उभे राहिले. वहिनी बाकावरून उठली.

"तुमचा आकडा किती?"

"एकोणीस. पण मला जरा—"

"आमचा सतरा. बसा."

सगळी खोली तिच्याकडे पाहू लागली. गृहस्थ बसले. वहिनी ताठ मानेने नणंदेला आत घेऊन गेली, आणि दार लागताच नणंदेसाठी ठेवलेल्या खुर्चीत स्वतःच धपकन बसली. ते पाहून नणंदेला जे हसू फुटले ते आवरेना. तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला तरी ती हसतच होती आणि काटा भलतीकडेच पळत होता. परिचारिका रागावली, दोघींना गप्प बसायला सांगितले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजले. त्या वेळी रक्तदाब ठीक निघाला.